सात महिन्यांच्या बाळासाठी पाळणाघर: काय पाहावे, काय विचारावे?

लेकीची_आई

नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात राहते आणि हिंजवडीतील एका खासगी कंपनीत नोकरी करते. माझी मुलगी पुढील आठवड्यात सात महिन्यांची होईल. प्रसूती रजा केव्हाच संपली, तिला जोडून घेतलेली अर्जित रजाही महिनाअखेरीस संपते आहे आणि त्यानंतर बाळाला कोण सांभाळणार, या प्रश्नाचे उत्तर आमच्याकडे अजून नाही. सासूबाई लातूरला असतात. त्यांच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया नुकतीच झाली आहे. माझी आई शाळेत शिक्षिका असून तिच्या निवृत्तीला दोन वर्षे बाकी आहेत.

सध्या समोर दोन पर्याय आहेत. पहिला, घरापासून दहा मिनिटांवरचे एक मोठे पाळणाघर. तिथे वातानुकूलित खोल्या आहेत, कॅमेरे आहेत आणि मोबाइलवर दिवसभर चित्रीकरण पाहता येते. आम्ही सकाळी अकरा वाजता जाऊन पाहिले तेव्हा सगळे छान वाटले, पण बाहेर पडल्यावर आपण नेमके काय पाहिले, हे मला नवऱ्याला सांगता येईना. दुसरा पर्याय म्हणजे आमच्याच सोसायटीतील शेजारच्या काकू. त्यांनी स्वतःच्या नातवाला चार वर्षांचा होईपर्यंत सांभाळले. तो आता आईवडिलांबरोबर बेंगळुरूला गेला आहे आणि काकूंना घर खायला उठते. माझ्या मुलीसह दोन-तीन मुले सांभाळण्याची त्यांची तयारी आहे, मात्र त्यासाठी काही परवानगी लागते का, पैसे किती आणि कसे घ्यायचे, यांविषयी त्या साशंक आहेत आणि पैशाचा विषय निघाला की पदराशी चाळा करू लागतात.

कंपनीत विचारले तर, "आपल्याकडे महिला कर्मचारी बावीसच आहेत, त्यामुळे पाळणाघराचा नियम लागू होत नाही," असे उत्तर मिळाले. एकूण कर्मचारी दीडशेच्या आसपास आहेत. हे उत्तर बरोबर आहे का? शिवाय पाळणाघर पाहायला गेल्यावर नेमके काय पाहावे आणि आमच्यासारख्या घरातील मुलांना अंगणवाडीचा काही उपयोग असतो का, हेही जाणून घ्यायचे आहे. अनुभव असलेल्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

दोन_मुलांचा_बाबा

आपण सकाळी अकराला गेलात, तिथेच गफलत झाली. सकाळी अकरा ही कोणत्याही पाळणाघराची सजूनधजून बसण्याची वेळ असते. मुलांची पोटे भरलेली असतात, झोप झालेली असते, गाणी चालू असतात. पुन्हा जायचे असेल तर दुपारी चारच्या सुमारास आणि न कळवता जा. त्या वेळी सगळी मुले एकदम झोपेतून उठतात, निम्म्यांना भूक लागलेली असते, दोघांचे डायपर बदलायचे असतात आणि एखादे उगाचच भोकाड पसरून बसलेले असते. त्या अर्ध्या तासात तिथल्या ताई एकमेकींवर खेकसतात की एकमेकींना हात देतात, हे पाहिले की बाकी फारसे विचारावे लागत नाही. त्या वेळी आत घ्यायला कोणी नाकारले, तर तेही एक उत्तरच आहे.

आमचा थोरला दीड वर्षाचा असताना आम्हीही कॅमेऱ्यांवर भाळलो होतो. त्या जागेचे नाव घेत नाही. तीन आठवडे मी कचेरीत बसून अधूनमधून चित्र पाहत असे आणि मुलगा शांत बसलेला दिसला की समाधान मानत असे. एका दुपारी एक बैठक रद्द झाली म्हणून मी सलग पाहत राहिलो, तेव्हा लक्षात आले की तो उंच खुर्चीत पट्ट्याने बांधून भिंतीवरच्या कार्टूनसमोर जवळजवळ दोन तास तसाच बसून आहे. त्याला कोणी मारले नव्हते, कोणी ओरडलेही नव्हते. त्या दोन तासांत त्याच्याशी कोणी एक शब्द बोललेच नव्हते, एवढेच. खारघरच्या एका पाळणाघरातील २०१६ च्या मारहाणीच्या प्रकारानंतर आम्ही सगळे पालक कॅमेरा आहे का, हे आधी विचारू लागलो आणि ते समजण्यासारखे आहे. पण कॅमेरा मारहाण पकडतो. दुर्लक्ष पकडायचे तर आपल्याला दिवसभर डोळे लावून बसावे लागते आणि तेवढा वेळ असता तर पाळणाघर लागलेच नसते.

आणखी एक गोष्ट. पाळणाघर घराजवळ हवे की कचेरीजवळ, हे आधी ठरवा. अंगावर पिणारे बाळ कचेरीजवळ असले तर दुपारी जाऊन पाजता येते. पण सिंहगड रस्ता ते हिंजवडी हा प्रवास जाऊन-येऊन दोन-अडीच तास खातो आणि पावसाळ्यात तर त्याचा भरवसाच नाही. सात महिन्यांच्या बाळाला रोज तो सोसायला लावण्यापेक्षा आम्ही दुसऱ्या वेळी घराजवळची जागा निवडली आणि धाकटीसाठी काढलेले दूध डब्यांतून पाठवले. फ्रिज असेल तर ते नीट टिकते. बाहेर मात्र साधारण चार तासांच्या पुढे ठेवू नये आणि एप्रिल-मे महिन्यांत तेवढेही नाही.

कलमबहाद्दर

कंपनीने आपल्याला दिलेले उत्तर चुकीचे आहे. मातृत्व लाभ अधिनियमात २०१७ च्या दुरुस्तीने ११-अ हे कलम घातले गेले आणि पाळणाघराची तरतूद १ जुलै २०१७ पासून अमलात आली. त्यातील अट ५० किंवा अधिक कर्मचाऱ्यांची आहे, ५० महिलांची नव्हे. त्यामुळे दीडशे कर्मचाऱ्यांच्या आस्थापनेत महिला बावीस असोत की दोन, पाळणाघराची सोय करणे बंधनकारक ठरते. हा घोळ बहुधा कारखाना अधिनियमामुळे होतो. १९४८ च्या त्या कायद्यात ३० पेक्षा अधिक महिला कामगारांची अट होती आणि मनुष्यबळ विभागातील काही जणांच्या डोक्यात तोच हिशेब बसलेला असतो.

कंपनीने पाळणाघर स्वतःच्या इमारतीतच काढले पाहिजे असे नाही. शेजारच्या कंपन्यांबरोबर सामाईक सोय करता येते. केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ मध्ये काढलेल्या किमान मार्गदर्शक तत्त्वांत हे अंतर ५०० मीटरच्या आत असावे असे म्हटले आहे. आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा असते आणि तिची विश्रांतीची वेळ या चारांतच मोजली जाते. याखेरीज बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत स्तनपानासाठी रोज दोन वेळा सुट्टी देण्याची तरतूद कायद्यात १९६१ पासून आहे. ती फार थोड्या जणींना ठाऊक असते. कामाचे स्वरूप तसे असेल तर रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची मुभा उभयपक्षी ठरवून मिळू शकते, तीही २०१७ चीच भर. नोव्हेंबर २०२५ मध्ये या अधिनियमाची जागा सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० ने घेतली. तिच्यातही ५० कर्मचाऱ्यांची अट, चार भेटी आणि स्तनपानाच्या सुट्ट्या कायम आहेत; फक्त कलमांचे क्रमांक बदलले.

माझा सल्ला असा की भांडणाच्या सुरात न लिहिता साध्या ईमेलने तीन गोष्टी विचाराव्यात: पाळणाघराची सोय कोठे आहे, ती अद्याप नसेल तर तोपर्यंत आपल्या घराजवळच्या पाळणाघराचे शुल्क कंपनी देईल का आणि पहिले काही महिने आठवड्यातून दोन-तीन दिवस घरून काम करता येईल का. तोंडी विचारलेल्या प्रश्नाला "बावीसच महिला आहेत" असे उत्तर मिळते, लेखी प्रश्नाला तसे उत्तर द्यायला कोणी सहसा धजावत नाही. शुल्काची भरपाई हा पर्याय कायद्याच्या शब्दांत बसतो की नाही, यावर वाद घालता येईल, पण व्यवहारात अनेक कंपन्या तो मान्य करतात आणि आपल्यासारख्या लांब राहणाऱ्या आईला तोच अधिक उपयोगी पडतो.

(आपल्या यजमानांची नोकरी राज्य शासनाची असेल, तर जाता जाता एवढे नोंदवून ठेवतो की २०१८ पासून शासकीय सेवेतील महिलांना एकूण १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळते, पुरुषांना मात्र पत्नी हयात नसल्यास किंवा अंथरुणाला खिळलेली असल्यासच. धडधाकट बापाने मूल सांभाळावे, ही कल्पना नियमांना अजून सुचलेली नाही.)

पाळणावाली

मी एकोणीस वर्षे पाळणाघर चालवते आहे. सध्या माझ्याकडे सोळा मुले आणि चार ताई आहेत. त्यामुळे पाळण्याच्या दुसऱ्या बाजूने काय दिसते, ते सांगते.

पालक येतात तेव्हा जागा पाहतात, खेळणी पाहतात, स्वच्छतागृह पाहतात, शुल्क विचारतात आणि कॅमेरा आहे का विचारतात. एकोणीस वर्षांत मोजक्या पालकांनी मला विचारले असेल की माझ्या बाळाला उचलून घेणारी ताई कोणती, ती इथे किती वर्षे आहे आणि ती रजेवर गेली की तिच्या जागी कोण येते. खरे तर हाच प्रश्न पहिला असायला हवा. सात महिन्यांच्या बाळाला भिंतीवरचा हत्ती कळत नाही. त्याला एक वास, एक आवाज आणि उचलून घेण्याची एक पद्धत कळते. दर दोन महिन्यांनी ताई बदलत असेल तर ते बाळ दर दोन महिन्यांनी नव्याने परके होते. आणि ताई का बदलते? पगार पुरत नाही म्हणून, दुपारी जेवायला उसंत मिळत नाही म्हणून किंवा तिच्या स्वतःच्या मुलाला सांभाळायला कोणी नाही म्हणून. म्हणून मी सांगते, संचालिकेला आडून न विचारता सरळ विचारा की ताईंना पगार किती देता आणि त्या जेवतात केव्हा. उत्तर देताना ती अडखळली, तर समजून घ्या.

आता संख्येबद्दल. वर ज्या मार्गदर्शक तत्त्वांचा उल्लेख आला आहे, त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक आणि तीन वर्षांवरील वीस मुलांमागे एक सांभाळणारी असे प्रमाण आहे. नियम करणाऱ्यांचा मान राखून म्हणते की एक वर्षाच्या आतली दहा बाळे एका बाईच्या हाती देऊन पाहावीत. तिघे रांगत तीन दिशांना जातील, दोघांना दात येत असतील, एकाला शी झालेली असेल आणि बाईला हात दोनच. माझ्याकडे एक वर्षाखालच्या तीन बाळांमागे एक ताई असते. चौथे आले तर मी नाही म्हणते आणि तो महिना तोट्यात काढते. आपण पाहिलेल्या जागी शिशुगटात किती बाळे आहेत आणि हात किती आहेत, ते मोजा. नोंदवहीतली नावे नकोत, दुपारी चार वाजता प्रत्यक्ष खोलीत असलेली डोकी मोजा.

प्रत्येक बाळाची एक वही असते का, तेही पाहा. माझ्याकडे साध्या दोनशे पानी वह्या आहेत. काल एका पानावर असे लिहिले होते: "१०.२० खिमट अर्धी वाटी, शेवटचे दोन घास थुंकले. ११.०५ ते ११.५० झोप, कुशीवर. १२.३० आईचे दूध. डावा कान दोनदा ओढला." संध्याकाळी आईने कानाचे वाक्य वाचले आणि आज सकाळी डॉक्टरांकडे नेले, कानात संसर्ग निघाला. बाळ बोलत नाही, त्याच्या वतीने कोणीतरी लिहिले पाहिजे. "आज खूप खेळला, छान राहिला" असा रोजचा एकच संदेश मोबाइलवर येत असेल, तर तो बाळाबद्दल काहीच सांगत नसतो.

खाण्यापिण्याचे आणि औषधाचे नियम लेखी असावेत. एक वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही, हे मी दाराशीच लिहून ठेवले आहे, कारण घरून प्रेमाने मधाची बाटली पाठवणाऱ्या आज्या अजून आहेत. याच वयात मीठ-साखरही वेगळी घालायची नाही. झोपवताना पाठीवर, सपाट गादीवर, उशी नाही. बाळ आपणहून कुशीवर वळले तर वळू द्यावे. औषध द्यायचे तर चिठ्ठीवर मात्रा आणि वेळ लिहून, खाली सही करून. लसीकरणाच्या कार्डाची प्रत माझ्याकडे असते. ताप असेल तर बाळ आणू नये. हा नियम सगळ्यांना दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत फार पटतो.

आता आपल्या शेजारच्या काकूंविषयी. मला त्यांचा पर्याय मनापासून आवडला, पण काही गोष्टी आधी पक्क्या करा. तीनपेक्षा जास्त मुले घेऊ नयेत आणि त्यांत एक वर्षाखालचे एकच असावे. नातू सांभाळणे आणि दुसऱ्याचे मूल सांभाळणे यांत फरक आहे. नातू पडला तर हळद लावून विषय मिटतो. घास अडकला तर काय करायचे, हे काकूंनी प्रत्यक्ष बाहुलीवर शिकून घ्यावे: बाळाला हातावर पालथे धरून, डोके खाली ठेवून पाठीवर पाच थापा, मग उताणे करून छातीच्या मध्यावर पाच दाब, घास निघेपर्यंत आलटून पालटून. वाचून हे जमत नाही. प्रथमोपचाराचे एक दिवसाचे प्रशिक्षण घ्यावे आणि त्याचे पैसे तुम्ही भरावेत. बाल्कनीचे गज, गॅसची कळ, बाथरूममधली भरलेली बादली या तीन गोष्टी त्यांच्या घरी जाऊन जमिनीवर बसून पाहा. रांगणाऱ्याच्या उंचीवरून घर निराळे दिसते.

सोसायटीची लेखी परवानगी घ्या, नाहीतर पहिल्या रडण्याला खालच्या मजल्यावरून तक्रार येते. काकूंनी मदतीला बाई ठेवली तर तिची पोलीस पडताळणी करून घ्यावी. दुकाने व आस्थापना कायद्याखाली अशा लहान कामाला नोंदणी नव्हे, तर ऑनलाइन सूचना पुरते. मुलांसाठी स्वयंपाक करून त्याचे पैसे घेणार असतील तर अन्न सुरक्षा प्राधिकरणाची छोट्या व्यावसायिकांसाठीची नोंदणी करून टाकावी. तिचे शुल्क वर्षाला शंभर रुपये आहे. पुढेमागे तीन वर्षांवरील मुलांची शिशुशाळाच काढायचा विचार असेल तर तो वेगळा विषय होतो. शालेय शिक्षण विभागाने २०२५ मध्ये खासगी पूर्वप्राथमिक केंद्रांना आपली माहिती त्यांच्या संकेतस्थळावर नोंदवण्यास सांगितले आहे.

आणि पैसे. काकू पदराशी चाळा करतात म्हणून तुम्ही गप्प बसू नका. एका कागदावर महिन्याची रक्कम, ती कोणत्या तारखेला द्यायची, बाळ गावी गेले तरी रक्कम चालू राहणार का, काकूंच्या महिन्याला दोन हक्काच्या रजा आणि संध्याकाळची शेवटची वेळ लिहा आणि दोघींनी सह्या करा. मे महिन्यात मुले आजोळी जातात आणि पालक म्हणतात, "महिनाभर आलाच नाही, तर पैसे कशाचे?" ताईंचा पगार मे महिन्यातही द्यावा लागतो, जागेचे भाडे मे महिन्यातही द्यावे लागते. संध्याकाळी सातला घ्यायला येणारे पालक पावणेआठला हसत हसत "रहदारी फार होती हो" म्हणत येतात, तेव्हा दारात चप्पल घालून उभ्या असलेल्या ताईचे स्वतःचे मूल घरी कुलपाबाहेर पायरीवर बसलेले असते.

आजोळ

मला हे सगळे वाचून वाईट वाटते. एवढ्याशा जिवाला परक्यांच्या हाती द्यायचे, वह्या लिहायच्या, करार करायचे! आमच्या वेळी घरात चार माणसे होती आणि मूल कधी मोठे झाले ते कळतही नसे. दोन वर्षे बाळाला लातूरला ठेवा किंवा नोकरी सोडा. नोकरी पुन्हा मिळते.

पाळणावाली

आपली कळकळ समजते, पण आजीच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली आहे, हे आपल्या वाचनातून निसटले असावे. रांगणाऱ्या बाळामागे दिवसातून शंभर वेळा वाकावे लागते. शिवाय घरात चार माणसे होती तेव्हा मूल सांभाळणाऱ्या चुलत्या आणि आत्या बिनपगारी होत्या, एवढाच काय तो फरक. नोकरी पुन्हा मिळते की नाही, हे ज्या बायका माझ्याकडे ताई म्हणून काम मागायला येतात त्यांना विचारावे. त्यांतल्या दोघी पदवीधर आहेत.

लेकीची_आई

सर्वांचे मनापासून आभार. काल दुपारी चारला त्या मोठ्या पाळणाघरात पुन्हा गेलो. आत घेतले, पण दहा मिनिटे बाहेर थांबवून. शिशुगटात नऊ बाळे आणि दोन ताई होत्या. त्यांपैकी एक त्या दिवशीच रुजू झालेली होती. कोणी वाईट वागत नव्हते. एक बाळ पाळण्यात उभे राहून रडत होते आणि जुन्या ताईंच्या दोन्ही हातांत दोन बाळे होती. त्या त्याच्याकडे पाहून तोंडाने काहीतरी गात होत्या. मला त्या ताईंचेच वाईट वाटले.

अंगणवाडीविषयी कोणी सांगू शकेल का? शिवाय मुलगी अजून आधाराशिवाय बसत नाही. सोसायटीतील तिच्याच वयाचा मुलगा बसतो, त्यामुळे मनात शंका येते.

मुख्यसेविका_निवृत्त

एकात्मिक बालविकास सेवा योजनेच्या नागरी प्रकल्पात पर्यवेक्षिका म्हणून माझी सव्वीस वर्षे गेली. आपल्यासारख्या अनेक आया हा प्रश्न जरा बिचकत विचारतात, जणू अंगणवाडीत जाणे म्हणजे कोणाचा तरी घास काढून घेणे. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली आणि आज तिच्या सेवा सहा वर्षांखालील प्रत्येक मुलासाठी आहेत. उत्पन्नाचा दाखला कोणी मागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २००६ मध्ये तर असे म्हटले की ज्या खेड्यात किंवा झोपडवस्तीत सहा वर्षांखालील किमान ४० मुले आहेत आणि अंगणवाडी नाही, तिथे मागणी झाल्यापासून तीन महिन्यांत ती सुरू झाली पाहिजे. हे आपल्याला लागू नसले तरी आपल्या घरी कामाला येणाऱ्या ताईंच्या वस्तीला कदाचित लागू असेल. त्यांना सांगून ठेवा.

पण अपेक्षा नीट ठेवा. अंगणवाडी हे पाळणाघर नाही. ती दिवसातले काही तासच चालते आणि तिथे बसून शिकतात-खातात ती तीन ते सहा वर्षांची मुले. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी घरी न्यायचा आहार असतो, ज्याला आम्ही सगळे टीएचआर म्हणतो. आपल्याला तो नको असेल तर घेऊ नका, पण बाळाची नोंदणी करा आणि दर महिन्याला वजन करून घ्या. अंगणवाडीतील वृद्धिआलेख ही फार गुणाची वस्तू आहे. एका महिन्याच्या वजनाने काही कळत नाही. तीन महिन्यांचे ठिपके जोडले की रेघ वर जाते, आडवी होते की खाली येते, हे निरक्षर आईलाही दिसते. पाळणाघरात गेल्यावर पहिले दोन महिने बाळे खाणे कमी करतात, तेव्हा ही रेघ आपल्या कामी येईल.

पूर्ण दिवस मूल सांभाळण्याची सोय सरकारी व्यवस्थेत अजिबात नाही असे मात्र नाही. पूर्वीच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेचे २०२२ मध्ये मिशन शक्ती या केंद्र सरकारच्या महिलांसाठीच्या योजनेखाली "पाळणा" असे रूपांतर झाले आणि त्यात काही अंगणवाड्यांना जोडून पाळणाघरे काढायची योजना आहे, सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी. आपल्या भागात असे केंद्र आहे का, हे बालविकास प्रकल्प अधिकाऱ्यांच्या कार्यालयात विचारावे. बांधकामावरच्या बायकांच्या मुलांसाठी पुण्यात तारा मोबाइल क्रेशेस ही संस्था १९८१ पासून काम करते आहे. खडीच्या ढिगाशेजारी पत्र्याच्या खोलीत ओळीने झोपलेली, अंघोळ घातलेली बाळे मी तिथे पाहिली आहेत. पाळणावाली ताईंनी विचारलेल्या प्रश्नावर, म्हणजे सांभाळणारीचे मूल कोण सांभाळते यावर, मला माहीत असलेले सर्वांत प्रामाणिक काम तेच.

एक अवांतर, पण सांगावेसे वाटते. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत काम मांडले, तेव्हा पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हे नाव तिथले. मुलांना शिकवण्याआधी त्यांना न्हाऊमाखू घालणे, नखे काढणे, केस विंचरणे हेच तिथले पहिले काम होते. आज मी एखादी शिशुशाळा पाहते तेव्हा मुलांची नखे पाहते.

आता मुलीच्या बसण्याविषयी. आधाराशिवाय बसण्याचा काळ बाळागणिक बराच मागेपुढे असतो. सातव्या महिन्यात न बसणारी पुष्कळ निरोगी बाळे मी पाहिली आहेत. ती मान नीट धरते का, हाक मारल्यावर वळून पाहते का, खेळणे एका हातातून दुसऱ्या हातात घेते का, हे पाहा. नऊ महिने पूर्ण होऊनही बसली नाही किंवा वरच्या गोष्टींत काही कमी वाटले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येऊन मुलांची तपासणी करते आणि विकासात विलंब आढळल्यास पुढच्या तपासणीसाठी व उपचारासाठी पाठवते; त्याचा खर्च पडत नाही. बाळाची नोंद अंगणवाडीत असली की त्या यादीत तिचे नाव आपोआप येते.

लेकीची_आई

पुन्हा एकदा आभार. घडले ते कळवते. कंपनीला ईमेल केला. चार दिवसांनी उत्तर आले की पाळणाघराच्या सोयीचा विचार चालू आहे, तोपर्यंत शुल्काची काही रक्कम मिळेल आणि तीन महिने आठवड्यातून दोन दिवस घरून काम करता येईल. बावीस महिलांचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

काकूंशी कागद केला. रक्कम मीच लिहिली, त्यांनी ती वाचून "एवढे नकोत" म्हटले आणि माझ्या नवऱ्याने, "मग आम्ही दुसरीकडे पाहतो," असे म्हटल्यावर सही केली. दुसरे मूल तीन वर्षांचे आहे, खालच्या मजल्यावरचे. काकूंच्या घरी जमिनीवर बसून पाहिले तेव्हा शिवणयंत्राच्या पायट्याशी उघडी पडलेली सुईची डबी सापडली. ती त्यांना वीस वर्षांत दिसली नव्हती. अंगणवाडीत नोंद केली, वजन सात किलो शंभर ग्रॅम भरले. प्रथमोपचाराचे प्रशिक्षण पुढच्या रविवारी आहे, काकूंबरोबर मीही जाणार आहे.

एकच प्रश्न उरला आहे. सुरुवातीला बाळाला किती वेळ ठेवावे? पहिल्याच दिवशी पूर्ण वेळ ठेवण्याचा धीर होत नाही.

पाळणावाली

धीर होऊही नये. पहिले दोन दिवस एकच तास आणि तुम्ही त्याच घरात, पण दुसऱ्या खोलीत. तिसऱ्या दिवशी तुम्ही बाहेर जा, तासाभराने परत या. मग एक झोप तिथे होऊ द्या, मग एक जेवण आणि एक झोप. दहा-बारा दिवसांत दिवस पूर्ण होतो. जाताना लपून जाऊ नका. हात हलवून, "येते" असे म्हणून निघा, रडली तरी. आठव्या-नवव्या महिन्यात बाळे परक्या माणसाला पाहून बिचकू लागतात, म्हणून आत्ता सुरू करता आहात ते चांगलेच. तोवर काकू परक्या राहणार नाहीत. आणि तुमची रोज वापरलेली एखादी सुती ओढणी बाळाच्या पिशवीत ठेवा. माझ्याकडची एक मुलगी चार महिने तिच्या आईच्या ओढणीचे टोक मुठीत धरल्याशिवाय झोपत नसे. आईने एकदा ती स्वच्छ धुऊन, इस्त्री करून पाठवली, त्या दुपारी कोणीच झोपले नाही.

लेकीची_आई

सोमवारी एक तास. निळी ओढणी आजपासूनच धुवायची थांबवली आहे.